बस्तीतील बुरशी, सोनोग्राफी आणि आपले कर्तव्य

मूत्रकृच्छ्राचा रुग्ण आपल्या चिकित्सालयात नित्य येतो. "उन्हाळे लागले आहेत, काहीतरी थंड द्या," असे तो सांगतो. धने-जिऱ्याचे पाणी, चंद्रप्रभा, गोक्षुरादि गुग्गुळ, तृणपंचमूळ क्वाथ या परिचित योजनेने त्यास बहुतेक वेळा उपशय मिळतो, आणि तो पुन्हा फिरकत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा रुग्ण नव्हे. विषय आहे तो रुग्ण, जो पुन्हा पुन्हा येतो.

त्याचे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. वय साठीच्या आसपास. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, साखर कधी आटोक्यात, कधी नाही. लघवीस दाह, वारंवारता, रात्री चार-पाच वेळा उठणे, मूत्र गढूळ. मध्यंतरी अन्यत्र दोन-तीन प्रकारची अँटिबायोटिक्स घेऊन झालेली. प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. काही जणांना पूर्वी रुग्णालयात मूत्रनलिका घातलेली असते. अशा रुग्णाच्या बस्तीत सामान्य जंतूंऐवजी, किंवा त्यांच्यासह, बुरशीचा, विशेषतः कॅन्डिडा जातीच्या बुरशीचा, संसर्ग असू शकतो. त्यास चौथ्या वेळी तीच वटी आणि तोच क्वाथ देणे म्हणजे चिकित्सा नव्हे, कालहरण होय; आणि मधुमेही रुग्णाच्या वृक्कांना असे कालहरण परवडत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सोनोग्राफी बुरशी ओळखत नाही. बुरशीने काय केले, ती कोठे आणि कशाच्या आधाराने टिकून आहे, हे सोनोग्राफी दाखवते. म्हणून निदान मूत्रपरीक्षेने करावे, अधिष्ठानाचा शोध व पाठपुरावा सोनोग्राफीने करावा, आणि या दोहोंची लेखी नोंद प्रत्येक वैद्याने ठेवावी.

बुरशीस वाव कोठे मिळतो

कॅन्डिडा ही बाहेरून आलेली परकी वस्तू नव्हे. मुख, आतडी, योनिमार्ग येथे ती अल्प प्रमाणात असतेच. अँटिबायोटिक्सने तिच्या सोबतचे जंतू नष्ट झाले, मूत्रात साखर उतरली, मूत्र पूर्ण बाहेर न पडता बस्तीत साचून राहिले किंवा नलिकेच्या रूपाने तिला चिकटण्यास पृष्ठभाग मिळाला, की ती वाढते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर क्षेत्र तयार झाल्यावाचून बीज रुजत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हे क्षेत्र तयार होण्याची कारणे थोडी नाहीत. मधुमेह आता केवळ शहराचा राहिलेला नाही. राहुरी-राहात्याच्या बागायती पट्ट्यातील सधन शेतकऱ्यापासून पाथर्डी-जामखेडच्या मजुरापर्यंत तो पोहोचला आहे. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रिया शौचालयाअभावी दिवसभर मूत्रवेग धारण करतात आणि तो वेग येऊच नये म्हणून पाणीही कमी पितात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगधारणाचे दुष्परिणाम सांगताना मूत्रवेग वगळलेला नाही. वृद्ध पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, स्त्रियांत गर्भाशयभ्रंश, दीर्घकालीन मधुमेहात बस्तीच्या वातवाहिन्यांची दुर्बलता, या सर्वांचा परिणाम एकच : मूत्र साचते.

औषधांकडेही पाहावे लागेल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकून कार्य करतात. पेटंटची मुदत संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन २०२० अखेरपासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ पासून भारतात अनेक कंपन्यांकडून कमी किमतीत मिळू लागले, त्यामुळे ती घेणारे रुग्ण आपल्याकडेही येऊ लागले आहेत. हृदय व वृक्क यांना या औषधांचा लाभ होतो हे खरे. परंतु जननेंद्रियांच्या बुरशीसंसर्गाचे प्रमाण त्यांनी वाढते हेही तितकेच सिद्ध आहे. हा संसर्ग बस्तीपर्यंत पोहोचतोच असे नाही. तथापि रुग्ण कोणती साखरेची गोळी घेतो हे विचारल्यावाचून मूत्रकृच्छ्राचा इतिहास पूर्ण झाला असे आता मानता येणार नाही. अशी गोळी आढळल्यास ती परस्पर बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांस कळवावे.

तीच गोष्ट स्टेरॉइडची. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो कहर केला, तो आपण विसरलेलो नाही. ती बुरशी निराळी आणि तिचे स्थानही निराळे. परंतु अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांचा संयोग बुरशीस किती अनुकूल असतो, हा धडा तोच आहे. सांधेदुखीवर विनालेबल पुड्या घेणाऱ्या रुग्णास याविषयी स्पष्ट विचारावे.

सोनोग्राफीत काय दिसते, काय नाही

सोनोग्राफी ध्वनिलहरींच्या परावर्तनावर चालते. भरलेली बस्ती तिच्यात काळी, स्वच्छ पिशवीप्रमाणे दिसते. दाह असल्यास भित्ती जाड दिसते. बस्ती नीट भरलेली असताना सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत आणि रिकामी असताना सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत जाडी सर्वसाधारण मानतात. मूत्रात तरंगणारे बारीक कण दिसणे हे गढूळपणाचे लक्षण. परंतु भित्तीची जाडी आणि हे कण पूयजनक जंतूंमुळेही दिसतात, रक्तामुळेही दिसतात. ते पाहून 'बुरशी आहे' असे म्हणणे हे धूर दिसताच कोणते लाकूड जळते हे सांगण्यासारखे होय.

बुरशीच्या तंतूंचा आणि मृत पेशींचा गोळा तयार झाला असेल, तर मात्र सोनोग्राफीचे मोल वाढते. हा गोळा उजळ दिसतो, त्यामागे अश्मरीसारखी काळी सावली पडत नाही, आणि रुग्णास कुशीवर वळविल्यास तो जागा बदलतो. अश्मरीही जागा बदलते, पण तिची सावली पडते. अर्बुद भित्तीस चिकटलेले असते, हलत नाही, आणि डॉप्लरवर त्यात रक्तप्रवाह आढळू शकतो. रक्ताची गुठळी मात्र हुबेहूब बुरशीच्या गोळ्यासारखी दिसू शकते. म्हणूनच येथेही अंतिम शब्द मूत्रपरीक्षेचा. असा गोळा क्वचितच आढळतो. परंतु तो वृक्काच्या मुखाशी अडकल्यास मूत्रमार्ग रोधला जातो, आणि तेव्हा विलंब घातक ठरतो.

आमच्या मते वैद्यास सर्वाधिक उपयोगी ठरणाऱ्या गोष्टी तीन : लघवी करून आल्यावर बस्तीत किती मूत्र शिल्लक राहते, दोन्ही वृक्कांना सूज आहे काय, आणि प्रोस्टेटचा आकार किती. शिल्लक मूत्र ५० मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास सहसा चिंता नसते. ते १०० मिलिलिटरच्या वर वारंवार आढळल्यास साचण्याचे कारण शोधलेच पाहिजे. ते कारण दूर होईपर्यंत कोणतेही औषध, आपले असो वा त्यांचे, टिकाऊ फल देणार नाही.

या मोजणीत एक नेहमीची चूक होते. तपासणीपूर्वी रुग्णास लिटरभर पाणी पाजून दोन-दोन तास बसवून ठेवतात. बस्ती प्रमाणाबाहेर ताणली गेली की ती एका वेळी पूर्ण रिकामी होत नाही आणि शिल्लक मूत्र खोटे वाढलेले दिसते. म्हणून लघवीची नेहमीसारखी भावना झाल्यावर मोजावे, लघवी केल्यानंतर काही मिनिटांतच पुन्हा मोजावे, आणि आकडा अनपेक्षित वाटल्यास दुसऱ्यांदा मोजून घ्यावा, हे रुग्णास व केंद्रास सांगावे.

मूत्रपरीक्षेवाचून निदान नाही

मूत्राच्या साध्या तपासणीच्या अहवालात तळाशी 'यीस्ट सेल्स' असा उल्लेख असतो. पू-पेशींच्या आकड्याकडे पाहून आपण कागद घडी करतो आणि ती ओळ वाचायची राहते. ही ओळ प्रत्येकाने वाचावी, असा आमचा आग्रह आहे. मूत्राच्या पट्टीवर नायट्राइट नकारात्मक आणि पू-पेशी मात्र भरपूर, असे आढळल्यास बुरशीची शंका मनात आणावी. कारण कॅन्डिडा नायट्राइट तयार करीत नाही.

तथापि यीस्ट दिसले म्हणजे बस्तीत संसर्ग आहेच, असेही नव्हे. स्त्रियांत योनिस्राव मिसळून नमुना दूषित होतो. म्हणून स्वच्छता करून, मधल्या धारेचा नमुना पुन्हा घ्यावा. नलिका असल्यास ती काढून किंवा बदलून नंतर नमुना घ्यावा. दुसऱ्या नमुन्यातही बुरशी आढळल्यास कल्चर करावे, आणि 'बुरशीसाठी' असे प्रयोगशाळेस लिहून कळवावे. काही जातींना वाढण्यास ४८ तासही लागतात. जात कोणती हे कळणे महत्त्वाचे, कारण कॅन्डिडा ग्लाब्राटावर फ्लुकोनाझोल अनेकदा अपुरे पडते आणि क्रुसेईवर ते चालतच नाही.

लक्षणे नसलेल्या, नलिका घातलेल्या वृद्धाच्या मूत्रात बुरशी सापडली, तर बहुधा नलिका काढणे आणि साखर आटोक्यात आणणे एवढेच पुरते. अहवालावर उपचार करू नये, रुग्णावर करावा. मात्र मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेला, पांढऱ्या पेशी फार उतरलेला किंवा कमी वजनाचा नवजात, असे रुग्ण याला अपवाद आहेत. ते तज्ज्ञांकडेच जावेत.

शास्त्राची संमती

काही ज्येष्ठ वैद्यबंधूंचा आक्षेप आहे की यंत्राच्या आहारी गेल्याने वैद्याची परीक्षाशक्ती क्षीण होते. या आक्षेपात तथ्यांश आहे. नाडी न पाहता, उदर न चाचपता, प्रथम चिठ्ठी लिहिणारा वैद्य आम्हांसही मान्य नाही. परंतु आपल्या आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणे सांगितली, आणि प्रत्यक्षाचे क्षेत्र वाढविणारे साधन वर्ज्य असल्याचे कोठेही सांगितलेले नाही. योगरत्नाकरात सकाळच्या मूत्रावर तैलबिंदू सोडून तो कसा पसरतो हे पाहण्याची परीक्षा आहे. म्हणजे मूत्र पात्रात घेऊन तपासण्याची परंपरा आपलीच. रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे डोळ्यांना दिसत नाहीत, हे चरकाचार्यांनी विमानस्थानात नमूद केले. न दिसणाऱ्याचे अस्तित्व ज्या परंपरेने मान्य केले, तिने सूक्ष्मदर्शकास बिचकण्याचे कारण नाही.

रोगाचे नाव ठाऊक नसल्याची लाज वैद्याने बाळगू नये. हेतू, अधिष्ठान आणि दोषाची अवस्था जाणून चिकित्सा करावी, हा चरकाचा उपदेश प्रसिद्ध आहे. सोनोग्राफी अधिष्ठान दाखवते, मूत्रपरीक्षा हेतू दाखवते, आणि दोषावस्था पाहणे हे वैद्याचेच कार्य राहते. बस्ती हे हृदय व शिर यांच्यासह त्रिमर्मांत गणले आहे, आणि सुश्रुताने त्यास सद्यःप्राणहर मर्म म्हटले आहे. ज्या अवयवास आपण मर्म म्हणतो, त्याच्याविषयी अंदाजावर विसंबणे शास्त्रास धरून नाही.

चिठ्ठी कशी लिहावी

कायद्याची मर्यादा येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आणि २००३ मधील त्याची दुरुस्ती यांनुसार सोनोग्राफी यंत्र केवळ नोंदणीकृत केंद्रातच ठेवता येते, आणि ते हाताळण्याची जी पात्रता कायद्यात सांगितली आहे ती केवळ बीएएमएस पदवीने येत नाही. 'फक्त बस्ती पाहण्यासाठी' म्हणून लहान यंत्र बाळगण्याचा मोह कोणासही होऊ नये. मुलींचे घटते प्रमाण आपल्या जिल्ह्यानेही पाहिले आहे. या कायद्यामागील कारण आपणास परके नाही.

यंत्र आपले नसले तरी प्रश्न आपला असू शकतो. चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' असे लिहिले की उत्तरही ठोकळ येते. त्याऐवजी लिहावे : मधुमेह इतक्या वर्षांचा, लक्षणे इतक्या आठवड्यांची, मूत्रात दोनदा यीस्ट आढळले, कृपया बस्तीभित्तीची जाडी, तरंगणारे कण, हलणारा गोळा व त्याची सावली, दोन्ही वृक्के, प्रोस्टेट आणि लघवीनंतरचे शिल्लक मूत्र यांविषयी कळवावे. असा प्रश्न विचारणाऱ्या वैद्यास तज्ज्ञ आदराने उत्तर देतात. अकोले वा जामखेडच्या आडगावातून येणाऱ्या रुग्णाचा एक दिवसाचा रोज बुडतो. त्या दिवसाचे पूर्ण मोल त्यास मिळावे.

थंडी वाजून ताप, कुशीत तीव्र वेदना, वांती, लघवी कमी होणे किंवा थांबणे, भ्रम, यांपैकी काहीही असल्यास सोनोग्राफीच्या तारखेची वाट पाहू नये. मधुमेह्यांत बस्तीभित्तीत वायू निर्माण होण्याचा एक भयंकर प्रकारही होतो. नगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय, विळद घाटातील विखे पाटील रुग्णालय ही केंद्रे जिल्ह्यातच आहेत. अशा वेळी रुग्णास पाठविणारा वैद्य लहान होत नाही.

वैद्य आणि औषधविक्रेते

लक्षणे असलेल्या, निश्चित झालेल्या बस्तीसंसर्गात फ्लुकोनाझोल मूत्रात उत्तम उतरते, आणि ते साधारणतः दोन आठवडे दररोज द्यावे लागते. दुकानात सर्रास मिळणारी १५० मिलिग्रॅमची एकच कॅप्सूल योनिमार्गाच्या बुरशीसाठी आहे. ती बस्तीच्या संसर्गास पुरत नाही. औषधविक्रेते बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांसह फ्लुकोनाझोल घेतल्यास साखर एकाएकी उतरू शकते. वॉरफॅरिन घेणाऱ्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिठ्ठीवाचून ही कॅप्सूल देणे म्हणूनच केवळ नियमभंग नव्हे, रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

आता आपल्या फळीकडे पाहू. चंदनासव, उशीरासव यांत गूळ वा साखर असते. अवलेह आणि सरबते यांत तर भरपूर. पित्तज मूत्रकृच्छ्रात शर्करायुक्त अनुपान ग्रंथोक्त असले, तरी ज्याच्या मूत्रात साखर आणि बुरशी दोन्ही आहेत त्यास ते देताना शंभरदा विचार करावा. क्वाथ, वटी, चूर्ण हे प्रकार अशा रुग्णास अधिक हितकर. विक्रेत्यांनी 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे सांगून बाटली देण्यापूर्वी 'साखर आहे काय' एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तरबस्ती करणाऱ्या तज्ज्ञ बंधूंना आमची विनंती, की मूत्र निर्दोष असल्याची खात्री झाल्यावाचून ती करू नये.

निंब, हरिद्रा, लसूण यांचे बुरशीविरोधी कार्य प्रयोगशाळेच्या काचपात्रात दिसले आहे. परंतु काचपात्रातील तीव्रता रुग्णाच्या मूत्रात येते, असे त्यावरून ठरत नाही. म्हणून निश्चित संसर्गात बुरशीनाशकास पर्याय म्हणून नव्हे, तर प्रमेहाची चिकित्सा, अग्नी व धातूंचे बल, मूत्रप्रवृत्तीची सुलभता आणि पुनरुद्भव टाळणे यांसाठी आपल्या औषधांची योजना करावी. तेथे त्यांना मोठे क्षेत्र आहे.

पाठपुरावा आणि नोंद

या विषयाचे खरे मर्म येथे आहे. 'जळजळ थांबली' म्हणजे बरे झाले, असे आपण मानतो. दाह दोन दिवसांत शमतो. शिल्लक मूत्र, गोळा, वृक्काची सूज मात्र तशीच राहू शकते. म्हणून चिकित्सेच्या आरंभी एकदा, आणि दोन आठवड्यांनी चिकित्सा पूर्ण झाल्यावर एकदा, मूत्रपरीक्षा व सोनोग्राफी दोन्ही कराव्यात. वृक्कास सूज वा गोळा असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याहून लवकर. प्रथम सोनोग्राफी निर्दोष, लक्षणे शमलेली आणि मूत्र स्वच्छ असल्यास दुसऱ्या सोनोग्राफीचा खर्च रुग्णावर लादू नये. शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करावी, म्हणजे तुलना सार्थ होते.

नगरच्या भूमीत वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधिगुणधर्मशास्त्र लिहिले. कोणते औषध कोणत्या अवस्थेत काय करते हे ठामपणे सांगण्याची ही परंपरा आपणास वारशाने मिळाली आहे. आजच्या काळात तो ठामपणा नोंदीतून यावा लागेल. रुग्णाचे वय, साखर, चालू औषधे, दोन्ही वेळचा मूत्र अहवाल, भित्तीची जाडी, शिल्लक मूत्र, दिलेली योजना, आणि तीन महिन्यांनी पुनरुद्भव झाला की नाही, एवढी माहिती एका पानावर मावते. रुग्णाचे नाव वगळून ही पाने तालुक्यातालुक्यांतून संघटनेकडे एकत्र आली, तर आपल्या चिकित्सेने पुनरुद्भव खरोखर घटतो काय, हे प्रथमच आपणास दिसू लागेल. पुढे कोणास विधिवत संशोधन करावयाचे झाल्यास नैतिक समितीची संमती आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतील नोंदणी हा मार्ग खुला आहेच.

उत्तर आपल्या बाजूने येईल की नाही, हे आधी सांगता येत नाही. ते अनुकूल आले तर आपल्या शब्दास वजन येईल. प्रतिकूल आले तर रुग्ण वेळेत योग्य हाती जाईल. दोन्हींत रुग्णाचे हितच आहे. तरी सर्व वैद्यबंधु-भगिनींनी आपल्या पुढील मधुमेही मूत्रकृच्छ्राच्या रुग्णापासूनच हा एक कागद भरण्यास आरंभ करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.